महाराजांचा वेगळा फलक

सोनवडी संस्थानच्या सर्जेराव महाराजांनी स्वतः मारलेल्या वाघ-अस्वलांत पेंढा भरून संग्रहालय थाटलं होतं. प्राण्यांची शास्त्रीय वर्गवारी लावायला त्यांनी मथुराबाई सामंत या जीवशास्त्रज्ञ बाईंना नेमलं होतं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी महाराज फलक वाचत फिरले आणि एका फलकापुढे थबकले. माणसाला बाईंनी माकडांच्याच गटात बसवलं होतं.

"बाई, रयत खुशाल माकडांत राहू दे," महाराज म्हणाले. "आमची जात निराळी. आमचा वेगळा फलक लावा, नाहीतर उद्याच संस्थान सोडा."

शेजारी उभ्या दिवाणजींनी लगेच मान डोलावली.

"लावते की," मथुराबाई शांतपणे म्हणाल्या. "फक्त आमच्या शास्त्राचा एक रिवाज आहे, महाराज. नवी जात जाहीर करायची, तर तिचा एक नमुना संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो. जगभरचे विद्वान येऊन तो तपासतात. आणि या जातीचा नमुना तर एकच दिसतोय." मग त्यांनी दिवाणजींकडे वळून विचारलं, "पेंढा आहे ना शिल्लक?"

दिवाणजींनी सवयीने पुन्हा मान डोलावली.

महाराज बराच वेळ वाघाच्या काचेच्या डोळ्यांकडे बघत राहिले.

"राहू दे तो फलक," शेवटी ते म्हणाले. "रयतेला सोडून एकटं राहणं राजाला शोभत नाही."