सव्वाचार हंडे

“तिसऱ्या वर्षी किती म्हणालीस?” अप्पांनी विचारलं.

“दोन कोटी दहा लाख. वर्षाची उलाढाल.”

“आणि त्याच्या शेवटी ते काय लिहिलंय?”

“सत्तर पैसे.”

“तेही लागतात?”

“सूत्र लावलंय, अप्पा. जे येतं ते येतं.”

अप्पांनी मान हलवली आणि डाळीत पळी फिरवली.

महालिंगअप्पा आमच्या मठाचे आचारी. दर अमावास्येला मठात दासोह असतो. म्हणजे येईल त्याला जेवण. कोण, कुठला, कशाला आला, काही विचारायचं नाही. किती येतील तेही कुणी आधी सांगत नाही. कधी तीनशे येतात, कधी हजार. चाळीस वर्षांत एक माणूस उपाशी परत गेला नाही आणि भाताची पाटी उकिरड्यावर गेली नाही. मी कल्लाप्पा. अप्पांच्या हाताखाली लाकडं फोडतो, भांडी घासतो. त्यामुळं सांगतोय ते माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

पोरीचं नाव अनुपमा तोंडारे. वय असेल अठ्ठावीस-एकोणतीस. लातुरात एका हिशेबनिसाच्या कचेरीत होती, ती नोकरी सोडून आली होती. शिकवणीसाठी लातुरात हजारो पोरं वसतिगृहात राहतात. त्यांना रोज गरम ज्वारीची भाकरी पोचवायची, असा तिचा धंदा. भाकरी थापणारं यंत्र अठरा लाखांचं. त्यातले बारा लाख दुसऱ्या दिवशी भरायचे होते.

ते बारा लाख तिच्या वडिलांचे. शिवराज तोंडारे एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीचे चौदा लाख मिळाले होते, त्यापलीकडं घरात काही नव्हतं. चेक लिहून तयार होता, सही तेवढी राहिली होती. वडिलांचा अप्पांच्या शब्दावर फार विश्वास. त्यांनी अट घातली होती, “अप्पांना दाखव. ते हो म्हणाले की सही करतो.”

म्हणून ती आली होती. सोळा पानांचं बाड घेऊन.

“जेवून जाशील ना?” अप्पांनी विचारलं.

“नको अप्पा. चारला लातुरात पोचायचंय. तुम्ही फक्त हो म्हणा.”

फक्त हो म्हणा! मला तिथंच राग आला. पण आपण बोलणारे कोण.

तिनं पानं उलटली. पहिल्या महिन्यात दीडशे पोरं. मग दर महिन्याला इतके टक्के वाढ. तिसऱ्या वर्षी रोज दोन हजार पोरं, तीन-तीन भाकऱ्या, भाकरीला दहा रुपये. बोलायला हुशार होती, खोटं कशाला सांगू. ऐकताना मलाच वाटायला लागलं की भाकरी तयार आहे, फक्त तोंडात घालायची.

“आणि दोन वर्षं मी एक रुपया पगार घेणार नाही,” ती म्हणाली. मान ताठ करून म्हणाली.

अप्पांनी तिच्याकडं एकदा नीट पाहिलं. पुन्हा पळी हातात घेतली.

ती थोडी वाट बघत बसली. मग तिची नजर चुलींवर गेली.

आमच्याकडं पाच चुली आहेत, एका ओळीत. त्या दिवशी पहिलीवर भात शिजत होता. दुसरीवर नुसत्या पाण्याचं आधण होतं. तिसरीवरचं पाणी अजून गार, खाली विस्तव धरत होता. चौथीत आणि पाचवीत लाकडं रचलेली, पण पेटवलेली नव्हती.

“अप्पा, रागावू नका, पण हे बरोबर नाही,” ती म्हणाली. “साडेदहा वाजलेत, बाराला पंगत. आणि एकाच हंड्यात तांदूळ? याला नियोजन म्हणत नाहीत.”

माझ्या हातातलं लाकूड खाली पडलं. चाळीस वर्षं झाली या माणसाला!

अप्पा मात्र हसले. “खरंय. मला कुणी शिकवलंच नाही. आज तू कर.”

“मी?”

“मग कोण? शिकलेली तूच आहेस इथं.”

तिला तेच हवं होतं. पेन काढलं. “मागच्या अमावास्येला किती पानं उठली?”

“आठशे.”

“त्याच्या आधी?”

“सहाशे.”

“म्हणजे एक तृतीयांश वाढ. आज एक हजार सहासष्ट. एका हंड्यात किती?”

“अडीचशे.”

“मग सव्वाचार हंडे,” तिनं दोन रेघा ओढल्या.

“सव्वा हंडा कुठून आणू गं माय?”

“पाच लावा, अप्पा. कमी पडण्यापेक्षा बरं.”

“लाव,” अप्पा म्हणाले. “दुसऱ्याचं आधण आलंय. त्याच्यापासून सुरुवात कर.”

“अहो अप्पा...” मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी परत लाकडांकडं वळलो.

त्यांनी निवडलेल्या तांदळाची परात तिच्या हातात दिली. परात जड होती. तिनं ती उचलली, हंड्याच्या काठावर टेकवली आणि तिरकी केली. खाली पाणी खळखळत होतं. तांदळाचे चार दाणे सुटले आणि आत पडले.

तिचा हात थांबला.

तिनं मागं वळून फाटकाकडं पाहिलं. फाटकाशी चपलांचे अकरा जोड होते.

“अप्पा... नाही आले तर?”

“तुझ्या कागदात आलेत की.”

“पण हे तांदूळ लोकांनी दिलेत. कुणी पोतं दिलं असेल, कुणी ओंजळ. वाया गेले तर?”

अप्पा डाळ ढवळत राहिले.

“एकदा वैरले की परत काढता येतील का?”

“ते चार पडलेत ना... काढून बघ.”

ती वाकून हंड्यात बघत राहिली. मग परात हळूच खाली ठेवली. आणि तिथंच जमिनीवर बसली.

मी उगाच लाकडं सारखी करत होतो.

“बाबांनी तेहतीस वर्षं तिकिटं फाडली,” ती शेवटी म्हणाली. “उभ्यानं. रात्री गुडघे शेकायचे. त्यांचे पैसे घालताना माझा हात नाही थांबला, अप्पा. सोळा पानं लिहिली मी. एकदाही नाही थांबला.”

मघाचा माझा राग कुठल्या कुठं गेला. लेकीच्या वयाची पोर. मी तिला तांब्याभर पाणी दिलं.

पाणी प्याली आणि एकदम उसळली. “मग काय, करायचंच नाही का? परत जाऊन दुसऱ्यांची खाती लिहीत बसू?”

“मी चूल विझव म्हणालो?”

तिनं तांब्या खाली ठेवला.

“जा, तिकडं बस,” अप्पांनी दाराजवळची जागा दाखवली. तिथून फाटक दिसतं. एरवी तिथं ते स्वतः बसतात. “पंगत बसली की बाहेर किती चपला राहतात ते बघ.”

ती जाऊन बसली. सोळा पानं मांडीवर होती, पण डोळे फाटकाकडं.

बाराला पहिली पंगत बसली. बाहेर चपला वाढायला लागल्या. तीस जोड झाले, मग साठ झाले. लोक सावलीला उभे राहून वाट बघत होते. ती उठली आणि धावतच आत आली.

“अप्पा, वैरू?”

“मला काय विचारतेस?”

तिनं परात उचलली आणि सगळी रिकामी केली. या खेपेला तिचा हात थांबला नाही. तोंडावर वाफ आली तरी मागं सरली नाही.

दुसरी पंगत झाली, तिसरी बसली. तिसऱ्या हंड्याला आता सणसणीत आधण आलं होतं. ती दर थोड्या वेळानं दाराशी जायची, चपला बघायची, परत येऊन हंड्याशी उभी राहायची. एकदा तांदळाच्या दुसऱ्या परातीला हात लावला, आणि काढला.

“थांबते,” ती म्हणाली. स्वतःशीच म्हणाली.

दोन वाजता फाटकाशी एक जोड नव्हता. दुसऱ्या हंड्यात तळाला घरच्यांपुरता भात उरला होता. पानं उठली चारशे सत्तर. नंतर कळलं, शेजारच्या दोन गावांत त्याच दिवशी पुढाऱ्यांच्या जेवणावळी होत्या. ते तिला ठाऊक नव्हतं, मला नव्हतं, अप्पांनाही नव्हतं. तिसऱ्या हंड्यातलं गरम पाणी मी भांडी घासायला घेतलं. एक हजार सहासष्टवरून तिला डिवचायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचं तोंड बघून आवरलं.

ती दाराशी बसून लिहीत होती. सोळा पानं उलटी ठेवली होती आणि शेवटच्या पानाच्या कोऱ्या पाठीवर लिहीत होती.

“कल्लाप्पाकाका, मे महिन्यात वसतिगृहं कशी असतात?” तिनं एकदम विचारलं.

“कुलपं. माझा भाचा होता तिथं. परीक्षा झाली की सगळी पोरं गावाकडं. नवी येईपर्यंत शुकशुकाट.”

“माझ्या कागदात मे महिन्यातसुद्धा पोरं तेवढीच जेवतायत,” ती म्हणाली. “आणि जूनमध्ये आणखी वाढतायत!” आणि कपाळावर हात मारून हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसू.

चार वाजून गेले. लातूर राहिलं बाजूला.

मग ती कागद घेऊन अप्पांच्या समोर येऊन बसली. आता मान ताठ नव्हती, पण आवाज पक्का होता.

“पाच वसतिगृहांच्या मालकिणींशी मी बोलले होते. बघू, म्हणाल्या चौघी. हो म्हणाली एकटी. साठ मुलींचं वसतिगृह आहे. ती माझी पहिली पंगत.”

“हं.”

“यंत्र घेत नाही. चेक फाडते. दोन तवे, एक खोली, सकाळच्या वेळेला दोन बायका. बाबांचे दोनच लाख घेईन. बाकीचे बारा त्यांच्या नावावर बँकेत. तिकडं मी बघणारसुद्धा नाही.”

“आणि यंत्र?”

“दारात चपला दिसल्या की. तिसरं-चौथं वसतिगृह आपणहून विचारायला आलं की. तोवर नुसतं आधण.” तिनं पेनाला टोपण लावलं. “आणि कुणी काय म्हणायचं ते म्हणू दे, सोमवारी चूल पेटणार म्हणजे पेटणार.”

मला फार बरं वाटलं. वाटलं, आता अप्पा हो म्हणतील, पोर आनंदानं घरी जाईल.

अप्पांनी विचारलं, “आणि एकही भाकरी नाही खपली... तर आधण किती दिवस तापतं ठेवशील?”

तिला हा प्रश्न येणार हे ठाऊक असावं. तिनं कागद पुढं केला. “भाडं चार हजार. गॅस दोन. दोघी बायकांचे बारा. महिन्याला अठरा हजार. पीठ खपेल तसंच आणायचं. दोन लाखांत अकरा महिने निघतात, अप्पा. पूर्ण अकरा महिने. वरचे पैसेसुद्धा लिहिले नाहीत बघा.”

अप्पांनी कागद हातात घेतला. वरून खाली वाचला. खालून वर वाचला. मग पुन्हा एकदा, बोट फिरवत, कुणाला तरी शोधत असल्यासारखं.

कागद तिच्या हातात परत दिला आणि उठले.

कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातून त्यांनी एक पत्रावळ काढली. झटकली. तिच्यासमोर जमिनीवर मांडली. हंड्याच्या तळाचा भात वाढला, वर डाळ घातली, कडेला मीठ.

“अप्पा, मी म्हटलं होतं ना, मला नको...”

सकाळी सहाला घरून निघालेली पोर. ती भाताकडं बघत होती. मग हातातल्या कागदाकडं. मग पुन्हा भाताकडं.

अप्पांनी पत्रावळीच्या कडेवर बोट ठेवलं.

“अठरा हजारांत आधी ही तुझी पत्रावळ मोज,” ते म्हणाले. “मग महिने सांग.”