पिठाला लागलेला हात

पाचुंबागडाखालच्या माळावर चैत्र द्वादशीला गेलात, तर मिशांना पीठ लागलेले पुरुष चुलीपुढे घाम पुसताना दिसतील. बायका झाडाखाली पाय पसरून त्यांच्या भाकरींना नावं ठेवत असतात. पाहुण्यांना यामागची गोष्ट सांगण्याचा मान सुभानतात्यांचा. वीस वर्षं भाकरी करपवल्यावर त्यांना तो मिळाला.

तात्या सांगतात, फार पूर्वी हा मुलूख कनकावळीच्या साम्राज्यात होता. तिथल्या सम्राज्ञीनं दवंडी पिटवली, की माझ्या राज्यात यापुढे माणूस विकला जाणार नाही. घाटमाथ्यावरच्या सात गडांचे सरदार बिथरले. "तुमचं राज्य तुम्हांला लखलाभ!" म्हणत ते फुटून निघाले आणि नव्या राज्याची पहिली शपथ त्यांनी घेतली: जो पिठाला हात लावील तो गुलाम, बाकीचे धनी. मग तीन वर्षं भावाभावांत लढाई जुंपली.

पाचुंबागडाला सम्राज्ञीच्या फौजेचा वेढा पडला होता. गडावर तीनशे शिपाई, आणि त्यांचं दळण-कांडण, रांधणं करायला चाळीस बटकी. त्यांची म्होरकी लाडी. तिला नऊ वर्षांची एकुलती एक लेक होती, चिमी. तोफांची दारू संपत आली तेव्हा गडाचे सरदार व्यंकोजी घारे यांनी ठरवलं, की चोरवाटेनं चिमी शेजारच्या गडाला द्यायची आणि बदल्यात दारूची दोन पिंपं आणायची.

लाडीनं त्यांचे पाय धरले. "सरकार, माझी एकच हाय वो."

"बटकीची पोर धन्याची असते. तुझी कसली?"

लाडीच्या काळजाचं पाणी झालं. पण ती रडली नाही. मुदपाकखान्यात आली, हात धुतले आणि चिमीला मांडीवर घेऊन बसली. तिचं बघून एकेक करत चाळीसही जणी बसल्या.

चाबूक ओढून पाहिले. पण चाबकानं भाकरी थापून घेता येत नाही, हे घाऱ्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. कोठारात नाचणीच्या पिठाचे रांजण भरलेले, आणि तीनशे धनी उपाशी! पिठाला हात लावून गुलाम होणार कोण?

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मुदपाकखान्यात काहीतरी आदळल्याचा आवाज झाला म्हणे. सगळे धावले. सरदार घारे काठवटीपुढे बसलेले, कोपरापर्यंत पीठ, आणि तव्यावर भाकरी म्हणावी असं काहीतरी. आधी एक म्हातारा शिपाई फिसकन हसला, मग सारा गड खो खो हसू लागला.

लाडी मात्र पुढे झाली. "सरकार, शपथेपरमानं आता तुमी बटीक. वाड्यात तुमची लेक हाय न्हवं? ती कुणाला द्यायची सांगा."

घाऱ्यांनी पिठाच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "कुणाचीच लेक कुणाला द्यायची नाही. दरवाजा उघडा."

दरवाजा उघडला आणि घाटमाथ्यावरचं बंड तिथंच मोडलं, असं सांगतात. चिमी कुणाला न विचारता पायऱ्या उतरून थेट माळावर पळाली. लाडीचा आनंद गगनात मावेना. तिनं घाऱ्यांना सांगितलं, "आधण घालून पीठ मळा, म्हंजी भाकर चिरत न्हाई."

आजही द्वादशीला माळावरच्या पोरी दिवसभर मनाला येईल तिथं हुंदडतात. त्यांना कुणी हाक मारायची नाही, असा दंडक आहे. भूक लागली की त्या आपापल्या पायांनी घरी येतात. आई बसूनच राहते, आणि बाप गरम भाकरी वाढतो.