पंचाचा जड खोपा

फार फार पूर्वी, पाखरं बोलत होती आणि माणसं गप्प बसून ऐकत होती (आता सगळं उलटं झालंय), तेव्हाची ही गोष्ट. एका जुन्या विहिरीवर एक बाभूळ वाकली होती. तिच्या डहाळ्यांना सुगरण पाखरांचे चाळीस खोपे लोंबत होते.

खोपा विणणं सोपं, वाऱ्यात टिकवणं अवघड. म्हणून ही पाखरं खोप्याला आतून ओल्या मातीचे गोळे थापतात. वजन आलं की खोपा भिरभिरत नाही. पण तशी चिकट माती जवळच्या तळ्याच्या एकाच काठाला मिळायची, आणि पाणी चढलं की तो काठ बुडायचा. म्हणून तिथं एक रीत होती. काठ उघडा असतानाच दर घरानं दहा गोळे आणून बाभळीच्या ढोलीत टाकायचे. पुढं ज्याचा खोपा डगमगेल, त्याला त्यातून द्यायचे.

ढोलीवर पाच पंच होते. पगार नाही, नुसता मान. आणि मानाचं तुम्हाला ठाऊकच आहे. त्यानं पोट भरत नाही, भूक मात्र वाढते.

पाचांतला एक कोठीपंच. ढोलीच्या तोंडाशी बसायचा, माती ओली ठेवायचा. बिचारा खरंच राबायचा. एक दिवस थकून म्हणाला, "थोरले, पंख गळाले माझे. घरी जाऊन स्वतःचा खोपा लिंपायलाही सवड नाही."

थोरला पंच हसला. "मग लिंप की गड्या इथल्याच मातीनं! आपण गावासाठी झिजतो. पंचाचंच घर डुलायला लागलं तर गावाची काय शोभा?"

बाकीच्या तिघांनी लगेच माना डोलावल्या. असल्या ठरावाला मान डोलवायला वेळ लागत नाही.

कोठीपंचानं एक गोळा नेला. मग दोन. मग थोरल्यानं त्याच मातीनं दुमजली खोपा बांधला तेव्हा यानंही मोजणं सोडलं. घर असं भक्कम झालं की वाऱ्यात हलेना. हलायला लागलं ते त्याचं काळीज. कुणी शीळ घातली की वाटे, आपल्यालाच घातली. दोन पाखरं कुजबुजली की वाटे, मातीचंच बोलतायत.

बायको पिल्लांवर बसून म्हणाली, "अहो, वरची डहाळी कुरकुरते का हो?"

"नवं घर आहे. बोलतं थोडं," तो म्हणाला, आणि रात्रभर डहाळीचंच बोलणं ऐकत राहिला.

मग पाणी चढलं, काठ बुडाला. खालच्या फांदीवरची एक विधवा सुगरण ढोलीशी आली. "भाऊजी, चारच गोळे द्या. खोपा फार झोके घेतो. पिल्लं बाहेर पडतील माझी."

कोठीपंच ढोलीच्या तोंडावर पंख पसरून बसला. आत मूठभरही माती उरली नव्हती. "उद्या या, वहिनी. पंचांची बैठक आहे."

दुसऱ्या दिवशी ती आली, तिसऱ्या दिवशीही आली. बैठक काही संपेना! चौथ्या दिवशी पश्चिमेकडून वारा सुटला. सगळी पाखरं ढोलीकडे धावली. एका म्हातारीनं पंच बाजूला सारला, आत डोकावली आणि म्हणाली, "अगंबाई! इथं तर नुसता गारवा ठेवलाय."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो तोंड उघडणार, एवढ्यात वर 'कडाड' झालं. त्याच्याच खोप्याची डहाळी मातीच्या भारानं अर्धी मोडली. खाली विहीर. आत बायको आणि तीन पिल्लं, पंखही न फुटलेली.

थोरला त्याच्या कानाशी लागला. "गप्प बस. बोललास तर पाचही जण बुडू."

कोठीपंचानं विहिरीकडे पाहिलं. मग असा ओरडला की वाराही क्षणभर थबकला असेल. "माती माझ्या घरात आहे! तुमचीच आहे, मी चोरली! या, खरडा, घेऊन जा!"

पाखरं रागावलेली होती, पण पिल्लं सगळ्यांना कळतात. चाळीस घरांच्या चोची त्याच्या खोप्याला भिडल्या. गोळा निघाला की कुणीतरी तो आपल्या घरी पळवी. पहिले चार गोळे कोठीपंचानं स्वतः विधवेच्या खोप्यात थापले. डहाळी हळूहळू वर आली आणि तगली.

म्हातारी थोरल्याकडे वळली. "तुमच्याकडेही आहे का हो थोडी?"

"माझ्या घराला चोच लावाल तर खबरदार! ही माझ्या घामाची माती आहे," थोरला गरजला. त्याची बायका-पोरं कधीच शेजारी पळाली होती. तो एकटाच दुमजली खोप्याच्या दारात छाती काढून उभा राहिला. वाऱ्याचा पुढचा झोत आला आणि दुमजली खोपा डहाळीसकट विहिरीत गेला. थोरला उडून वाचला खरा, पण शेपूट भिजली. बेडकांना मात्र तयार वाडा मिळाला.

तेव्हापासून त्या बाभळीवर नवी रीत पडली. पंचाच्या घराला माती सगळ्यांत शेवटी. कोठीपंच पुढंही ढोलीवरच बसला, गावानंच बसवला. आता त्याचा खोपा वाऱ्यात सगळ्यांपेक्षा जास्त डुलायचा, आणि त्यात तो घोरत झोपायचा. नवखं पाखरू विचारी, "इथले पंच कुठं राहतात?" तर पोरं सांगत, "तो बघ, सगळ्यांत जास्त हलतोय ना, तिथं."

तात्पर्य : सगळ्यांचं राखायला बसलेल्यानं आपला वाटा सगळ्यांच्या मागून घ्यावा, आधी उचललेला वाटा आपल्याच डहाळीला जड होतो.