कोळशाच्या खुणेचे अंडे

एका राज्यात संध्याकाळ कोंबडीच्या पावलांनी येत असे. वेशीपाशी भिवरा नावाच्या एका बाईचे घर होते आणि तिच्या परसात एक कबरी कोंबडी होती. दिवस कलला की ही कबरी उकिरडा उकरायची थांबे, मान वर करून एकदा आभाळाकडे पाही आणि सावकाश खुराड्यात शिरे. तिच्यामागून बाकीच्या कोंबड्या शिरत. मग रानातली गुरे घराकडे वळत, मग नदीवरच्या बाया, मग शेतातले पुरुष आणि सर्वांत शेवटी शिकारीला गेलेला राजा. घरी परतणे हे त्या राज्यात कबरीपासून सुरू होई. हे सगळ्यांना ठाऊक होते आणि म्हणूनच कोणी त्याचा विचार करत नसे.

भिवरा विधवा होती. घरात ती आणि तिची लेक सुंद्रा, दोघीच. सकाळी खुराड्याची फळी सरकवायची, कोंबड्यांना कणी आणि कोंडा टाकायचा, पाण्याचे परळ धुऊन भरायचे आणि मग गवताच्या खळग्यात हात घालून अंडी काढायची. ताजे अंडे हाताला ऊबदार लागते. सुंद्रा प्रत्येक अंडे आधी गालाला लावी, मग टोपलीत ठेवी. भिवरा म्हणे, "पुरे झाले लाड, फुटेल." पण तिने ते कधी थांबवले नाही.

एक अंडे मात्र मागे ठेवायचे. त्यावर कोळशाने रेघ ओढलेली असे, म्हणजे जुने कोणते ते कळावे. त्या अंड्याचे कालवण होत नसे आणि त्यातून पिल्लूही निघत नसे. त्याने नुसते तिथे असायचे. ते दिसले की कोंबडीला वाटते, आपले काहीतरी इथे आहे, आणि दुसऱ्या दिवशी ती त्याच जागी अंडे घालायला येते.

पुढे काय झाले, राजा मणिधराने युवराजाचे लग्न काढले. पाहुणे इतके की मुदपाकखान्याला अंडी पुरेनात. राजाने दवंडी पिटवली: राज्यातले प्रत्येक अंडे वाड्यावर यावे. ज्याच्या घरी एकही मागे उरणार नाही, त्याच्या घरच्यांना मांडवात पुढची जागा मिळेल. वरातीत हत्ती होता. सुंद्राने हत्ती कधी पाहिला नव्हता आणि दवंडी ऐकल्यापासून तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

हैबती शिपाई टोपली घेऊन दाराशी आला.

"भिवराबाई, खुराडे रिकामे झाले?"

"एक आहे, शिपाईदादा. खुणेचे आहे. ते ठेवायचे असते."

"आज्ञेत तसे काही नाही. प्रत्येक अंडे, असे म्हटले आहे."

भिवरा नाही म्हणू शकली असती. हैबती काही वाईट माणूस नव्हता. थोडा वेळ गुरगुरला असता आणि गेला असता. पण मागून सुंद्रा हळूच म्हणाली, "आई, हत्ती." भिवराने मनाशी म्हटले, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, उद्या दुसरे ठेवू. तिने खळग्यात हात घातला आणि खुणेचे अंडे शिपायाच्या टोपलीत ठेवले.

ते अंडे नेमके राजाच्याच ताटात आले. राजाने फोडले तेव्हा त्यातून अंधार निघाला. तो ताटात मावला नाही. ताटातून पाटावर सांडला, पाटावरून जमिनीवर, आणि पाहुण्यांच्या पायांखालून वाट काढत दाराबाहेर गेला. पाहुण्यांनी पाय वर घेतले. लग्न मात्र थांबले नाही, कारण मुहूर्त टळून चालणार नव्हते. सुंद्राने हत्ती पाहिला. परतताना ती आईच्या खांद्यावर झोपली.

सकाळी कबरी अंडे घालायला आली. रिकाम्या खळग्याकडे तिने एका डोळ्याने पाहिले, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्याने पाहिले. ती परसातून निघाली आणि वेस ओलांडून चालू लागली. तिच्यामागे घरोघरच्या कोंबड्या रांगेने निघाल्या आणि दुपारपर्यंत राज्यात एक पीस उरले नाही.

त्या संध्याकाळी बाहेर गेलेले कोणी घरी आले नाही. वरात सीमेपलीकडे गेली ती युवराजासकट आणि हत्तीसकट तिकडेच राहिली. युवराजाला शोधायला हैबती गेला, तोही आला नाही. सुंद्रा विहिरीवर गेली होती. भिवरा दिवा घेऊन उंबऱ्यातून हाका मारत राहिली. विहिरीच्या काठावर घागर भरून ठेवलेली दिसत होती आणि पोर नव्हती.

शाप सगळ्यांना हळूहळू कळला. उंबरा ओलांडला की माणूस घर विसरे आणि पुढे चालत राही. मग लोक कमरेला दोर बांधून पाण्याला जाऊ लागले. घरातल्यांनी दोर ओढला की तो हलका येई. त्याची गाठ ज्याची त्यानेच सोडलेली असे. शेवटी कोणी बाहेर पडेना. दारोदार दिवे जळत राहिले आणि प्रत्येक दिव्यामागे कोणी ना कोणी बसलेले असे. राजाही वाड्याच्या खिडकीत तसाच बसून होता.

एके दिवशी भिवराच्या रिकाम्या परसात टिटवी उतरली. टिटवी घरापाशी ओरडली की लोक तिला हाकलतात. भिवराने हाकलले नाही. तिचे आणखी काय वाईट व्हायचे होते?

टिटवी म्हणाली, "कबरी उंबरखोऱ्यात आहे, यक्षिणीपाशी. तुमची माणसेही तिथेच आहेत. जा."

"मी उंबरा ओलांडला तर मीही विसरेन."

"विसरायला घर लागते. तुझ्या घरात कोण उरले आहे?"

भिवराने वळून पाहिले. चुलीत थंड राख होती. फळीवर सुंद्राची फणी होती, तिच्यात दोन केस अडकलेले. घरात कोणी नव्हते. भिवराने टोपली घेतली, तळाशी कोंडा पसरला आणि सवयीने कोळशाचा एक तुकडा पदराच्या गाठीत बांधला. मग तिने उंबरा ओलांडला. तिला सगळे आठवत होते, आणि त्याचेच तिला रडू आले.

वेशीशेजारच्या दारात हैबतीची आंधळी म्हातारी बसली होती. पावलांचा आवाज ऐकून ती म्हणाली, "कोण, भिवरा का गं? माझा हैबती दिसला तर सांग, भाकरी झाकून ठेवली आहे."

"सांगते, आजी," भिवरा म्हणाली आणि पुढे गेली.

उंबरखोऱ्यात ऊन पोचत नसे. झाडांच्या बुंध्याशी एक दिवा तेवत होता आणि त्याच्यापाशी यक्षिणी सुपात धान्य पाखडत बसली होती. भिवराला पाहून आधी तिची सावली उठली, मग ती उठली.

"कशासाठी आलीस?"

"कबरीसाठी. आणि माझ्या लेकीसाठी."

"तीन कामे आहेत. पहिले. तुझी कोंबडी ओळख."

यक्षिणीने सूप आपटले तशा झाडांमागून शेकडो कबऱ्या कोंबड्या आल्या. पिसान्‌पीस सारखे, ठिपकान्‌ठिपका सारखा. भिवराने टोपलीतला मूठभर कोंडा फेकला. सगळ्या धावल्या, फक्त एक जागची हलली नाही. ती दूर गवतात पाठ करून बसली होती.

"ती माझी," भिवरा म्हणाली. "तिला माझ्या हातचे नको आहे."

"दुसरे. तिला उठव."

कबरी खुडूक झाली होती. उबवायच्या वेडाने बसलेल्या कोंबडीला खुडूक म्हणतात. ती खात नाही, पीत नाही, जवळ येईल त्याला टोचते. अशा कोंबडीला लोक गार पाण्यात बुडवून काढतात. यक्षिणीने गार पाण्याचे भांडे पुढे केले. भिवराने ते बाजूला ठेवले आणि कबरीच्या पोटाखाली हात सरकवला. कबरीने टोचले. रक्त आले. भिवराने हात काढला नाही.

"चुकले माझे," ती म्हणाली. "तुझे होते ते मी देऊन टाकले."

कबरी टोचत राहिली. मनगटापर्यंत हात लाल झाला. मग तिचा राग संपला आणि ती बाजूला झाली. तिच्याखाली एक खळगा होता आणि त्याचा तळ दिसत नव्हता. त्यात अंडीच अंडी होती.

"तिसरे," यक्षिणी म्हणाली. "ही अंडी घेऊन जा. एक मागे ठेव."

"कशाला?"

"कबरी अंडी तुझ्याकडे घालते. खुडूक झाली की माझ्याकडे येते. दोन्हीकडे तिचे काही असेल, तरच ती येईल आणि जाईल. इथला खळगा रिकामा झाला तर तिचे परतणे मोडेल, आणि तुमचेही पुन्हा मोडेल."

"गोटा ठेवला तर?"

"कोंबडी फसेल. मी फसणार नाही."

भिवरा एकेक अंडे उचलून दिव्यापुढे धरू लागली, आत जीव आहे का पाहायला घरी धरतात तसे. एकात दोर सोडून गेलेला शेजारी होता. एकात युवराज, बाशिंग बांधलेलाच. एकात हत्ती होता, सोंड पोटाशी घेऊन निजलेला. त्याच्यापाशी तिचा हात थबकला. पण हत्तीखान्यात त्याची हत्तीण दिवसभर साखळी ओढते, ते तिने येताना ऐकले होते. तिने ते अंडे टोपलीत ठेवले. मग एका अंड्यात सुंद्रा दिसली, गुडघे छातीशी घेतलेली. तिने ते अंडे टोपलीच्या मधोमध कोंड्यात खोल ठेवले.

पुढचे अंडे हैबतीचे निघाले. त्याला पाहताच भिवराला संताप आला. हाच दाराशी उभा राहिला होता. तिने पदराची गाठ सोडली, कोळसा काढला, त्या अंड्यावर जाड रेघ ओढली आणि ते खळग्यात परत ठेवले.

"झाले?" यक्षिणीने विचारले.

भिवराला झाकून ठेवलेली भाकरी आठवली. तिने अंडे उचलले आणि पदराने रेघ पुसू लागली. कोळसा नीट निघत नाही. पुसला तसा तो पसरला. तिने ते तसेच टोपलीत ठेवले.

टोपली भरली. भिवराने पुन्हा पहिल्यापासून एकेका अंड्याचा विचार केला. प्रत्येकासाठी कुठल्या तरी दारात दिवा होता. त्या खोऱ्यात एकच माणूस असे होते, की ज्याची वाट पाहणारे आज कोणी नव्हते. आणि हे फक्त आजच खरे होते. टोपली घरी पोचली की त्या दारातही कोणी उभे राहणार होते. म्हणून जे करायचे ते आत्ताच करायला हवे होते.

"टोपली कोण नेईल?" तिने विचारले.

"माझी सावली नेईल. कबरी पुढे चालेल."

भिवराने सुंद्राचे अंडे बाहेर काढले, गालाला लावले. ते ऊबदार होते. फुटू नये म्हणून तिने ते लगेच परत ठेवले. मग जिथे एकेकाळी कुंकू लावत असे, तिथे कपाळावर तिने कोळशाची रेघ ओढली, खळग्यात उतरली आणि गुडघे छातीशी घेतले. यक्षिणीने वरून गवत सारखे केले.

त्या दिवशी राज्यात संध्याकाळ झाली. कबरी वेशीतून आत आली, मागून कोंबड्यांची रांग आली आणि तिच्यामागून एक सावली टोपली घेऊन दारोदार फिरली. उंबऱ्यावर ठेवलेले अंडे फुटे आणि माणूस झोपेतून उठल्यासारखा उठे. हत्ती बाजारपेठेतच अंड्यातून निघाला, त्याने दोन दुकाने मोडली आणि कोणी तक्रार केली नाही. राजाने युवराजाला पोटाशी धरले आणि आज्ञा काढली की कोणाच्याही घरचे शेवटचे अंडे मागू नये. आधी सुचले असते तर बरे झाले असते.

सुंद्रा स्वतःच्या उंबऱ्यावर जागी झाली. घरात अंधार होता. आई कुठेतरी गेली असेल, येईल, असे समजून तिने दिवा लावला आणि दारात बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. असे किती दिवस गेले त्याला हिशेब नाही.

मग एके सकाळी हैबती तिच्या दारी आला. त्याच्या कपाळावर काळा डाग फासलेला होता आणि तो कशानेही धुतला जात नव्हता.

"मुली, मला आत सगळे कळत होते," तो म्हणाला. "ही रेघ तुझ्या आईने माझ्यावर ओढली होती. मग तिने ती पुसली."

"मग ती कोणावर ओढली?"

हैबतीने चुलीशेजारच्या तिच्या आईच्या रिकाम्या जागेकडे पाहिले. सुंद्राला उत्तर कळले. ती रडली नाही. तिने त्याला बसायला पाट दिला. मग तिने चुलीतून एक कोळसा उचलला, खुराड्याशी गेली, एका अंड्यावर रेघ ओढली आणि ते खळग्यात मागे ठेवले.

कबरी खुडूक झाली की घरातून निघून जाते. बाकीच्या कोंबड्या तिच्या वेळेला खुराड्यात शिरतात आणि माणसे नेमाने घरी येतात. राज्याचे काही अडत नाही. काही दिवसांनी कबरी परत येते. तेव्हा सुंद्रा धावत जाऊन तिला उचलून घेते आणि उलटी करून पाहते. कबरीच्या छातीची पिसे कोळशाने काळी झालेली असतात. सुंद्रा ती पिसे गालाला लावते. ती ऊबदार असतात. गालाला लागलेला कोळसा ती रात्रीपर्यंत पुसत नाही.

ज्यांची माणसे परतली, त्यांची कहाणी इथे सुफळ झाली. ती संपूर्ण झाली असे मात्र म्हणवत नाही, कारण तिच्यातले एक माणूस अजून मागे आहे.