पाटकरीण निवडली त्या दिवशी

फार फार मागे, आजच्या राज्यांची नावंही कुणाला ठाऊक नव्हती तेव्हा, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गावाच्या वर तलाव होता आणि तलावातून निघालेला पाट सगळ्या शेतांना पाणी द्यायचा. कुणाला कधी आणि किती पाणी मिळेल, हे पाटकरी ठरवायचा. पाटकरी चांगला असला की पहिलं शेत जसं पिकायचं, तसंच शेवटचंही पिकायचं. नसला, की शेवटच्या शेतात भेगा पडायच्या. त्यामुळे पाटकरी निवडायचा दिवस त्या गावात मोठा मानत.

निवडायची रीत मात्र सारखी बदलत आली होती. पणज्यांच्या काळी पाटाच्या तोंडाशी दगडी शिळा होती. जो ती एकट्याने हलवेल, तो पाटकरी. पुढे कुणा सुताराने लाकडी दार बसवलं. ते लहान मूलही उचलू शकत होतं, तरी एक पिढीभर गाव शिळाच उचलायला लावत राहिलं. मग पाटकऱ्याचा मुलगाच पाटकरी, असं ठरलं. त्यात एक चांगला निघाला आणि एक भर दुपारी झोपणारा. तेव्हा गावाने पारावर पंच बसवले आणि येईल त्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली. प्रश्न दर वेळी तेच, म्हणून लोक उत्तरं पाठ करून येऊ लागले.

तरी त्या रीतीनेही रखमाजी नावाचा एक चांगला माणूस मिळाला होता. तो दोन पावसाळे राहिला आणि बोचकं बांधून निघून गेला. त्याच्या जागी आलेलाही गेला. त्यानंतरचा तर हिवाळासुद्धा टिकला नाही. माणसं का टिकत नाहीत, हे गावाला कळत होतं, पण बोलत कुणी नव्हतं.

त्या वर्षी पाऊस कमी झाला. तलाव निम्मा भरला. पाटकरी नव्हता आणि हरभऱ्याचे कोंब माना टाकायला लागले होते. गावाने दवंडी पिटली. आसपासच्या गावांतून बरेच जण आले. त्यांत डोंगरापलीकडची सगुणा होती. तिचे वडील त्यांच्या गावचे पाटकरी होते. त्यांनी ते काम सोडल्यापासून घराची ओढाताण चालली होती. वडील तिच्याबरोबर आले आणि चिंचेखाली जाऊन बसले.

पंचांनी सगळ्यांना विचारलं. काहींनी घडाघडा उत्तरं दिली. सगुणाला बरंचसं येत होतं. जे येत नव्हतं तिथे तिने, माहीत नाही, विचारून घेईन, असं सांगितलं. पंचांना ती आवडली. पाटील मधोमध बसले होते. त्यांनी मान डोलावली आणि तिला बाजूला थांबायला सांगितलं.

ती हलली नाही. तिने विचारलं, मीही एक प्रश्न विचारला तर चालेल का? एक पंच हसला. काम मागायला आलेल्याने प्रश्न विचारायचे नसतात, असं तो म्हणाला. पण पाटलांना गंमत वाटली. त्यांनी हाताने खूण केली.

"या कामावरचे आधीचे तिघे का सोडून गेले?" सगुणाने विचारलं.

पंच एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा गर्दीतून पारूबाई उठली. पाटाच्या अगदी शेवटी तिचं शेत होतं. नवरा गेल्यापासून ते ती एकटीच कसायची.

"मी सांगते," ती म्हणाली. "पाटावरचं पहिलं शेत पाटलांचं आहे. त्यांची पाण्याची पाळी संपली की पाटकरी त्यांच्या शेताकडचं दार लावायचा आणि पाटलांचे गडी ते पुन्हा उघडायचे. त्याने तक्रार केली, तर त्यालाच बोलणी खावी लागायची. रखमाजी माझ्या बांधावर बसून रडला होता. आम्ही सगळे गप्प राहिलो. मीही."

पाटलांचा चेहरा काळाठिक्कर पडला. सगुणाने हात जोडले.

"पाटील, मला हे काम हवं आहे. घरी गरज आहे. पण मी लावलेलं दार लावलेलंच राहणार असेल, तरच मी हो म्हणेन."

एवढं बोलून ती चिंचेखाली गेली. पाटील उठले आणि कुणाशी न बोलता घराकडे निघाले. पंचांनी घाईघाईने दुसऱ्या उमेदवाराला, एका दांडग्या पोराला, पुढे बोलावलं. तो जागेवरूनच म्हणाला की त्यालाही आधी तेच उत्तर हवं आहे. त्याच्यामागच्याने मान हलवली. बाकीच्यांनीही आपापली बोचकी उचलली, पण गेलं कुणी नाही. सगळे तिथेच थांबले.

चिंचेखाली वडिलांनी फडक्यातली भाकरी सोडली होती. त्यांनी अर्धी तिच्या हातात दिली.

"दार कसं लावायचं ते मी शिकवलं तुला," ते म्हणाले. "हे असं विचारायला कुठे शिकलीस?"

"आबा, तुम्ही काम सोडलंत तेव्हा आपल्या गावात कुणीच विचारलं नाही, का सोडलंत म्हणून. मी वाट बघत होते, कुणीतरी विचारेल."

आबांनी मान वळवली. मग ते म्हणाले, "काम मिळो ना मिळो. आज मी ताठ मानेने घरी जाईन."

पाटील घरी पोचलेच नव्हते. ते पाटाच्या काठाने चालत शेवटपर्यंत गेले होते. इतक्या वर्षांत ते तिकडे फिरकले नव्हते. पारूबाईच्या शेतात ते उभे राहिले. पायाखालची माती भुगा होऊन उडत होती. ते परत आले तेव्हा ऊन कललं होतं आणि सगळी माणसं तशीच बसून होती. पाटील पारावर चढले नाहीत. खालीच उभे राहिले.

"पारूबाई बोलली ते खरं आहे," ते म्हणाले. "गडी माझेच होते आणि हुकूमही माझाच होता. यापुढे पाण्याची पाळी शेवटच्या शेतापासून सुरू होईल. माझं शेत सगळ्यात शेवटी. पोरी, तुझं उत्तर काय?"

सगुणाने हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी सगळ्यात आधी पारूबाईच्या वाफ्यांत शिरलं. पाटलांच्या शेताला त्या वर्षी थोडं कमी मिळालं आणि ते दोन-चार वेळा कुरकुरले, पण दाराला हात त्यांनी लावला नाही. पाऊस कमी होऊनही गावात एकही शेत वाळलं नाही.

पुढे त्या गावात रीतच पडली. कामाला कुणाला ठेवायचं असलं, मग तो गुराखी असो की वैद्य, आधी येणाऱ्याने गावाला प्रश्न विचारायचे आणि गावाने सगळ्यांसमोर खरं सांगायचं. शेजारची गावं आधी हसली. मग त्यांची चांगली माणसं या गावात कामाला येऊ लागली, तेव्हा त्यांनीही आपापल्या गावचे पार झाडून घेतले आणि तशीच विचारपूस सुरू केली. या गावची माणसं परगावी गेली की आपल्या तलावाबद्दल फारसं बोलत नसत. आमच्याकडे कामाला आलेला माणूस टिकतो, एवढंच ती छाती फुगवून सांगत.

बोध: काम देणाऱ्याने माणूस जरूर पारखावा, पण त्या माणसालाही आपल्याला पारखू द्यावं.