शेट्यांच्या दारातल्या बारा गाड्या

“किक मारायची न्हाई. हात लावायचा न्हाई. शेट्यांना इचारायचं न्हाई. नुसतं बघून या बारातली सगळ्यांत चांगली गाडी दोनच्या आत सांगायची. ती मला मागं बसवून खंडोबाची टेकडी चढून आली, तर तुझी नोकरी ऱ्हाईली. मधीच बंद पडली, तर उद्यापासून डेअरीत पाऊल टाकू नगंस!”

दूध संघाचे चेअरमन आबासाहेब एवढं शिपाई निवास भिंगारेला बजावून मोकळे झाले.

खरं तर दोष त्याच्याच जिभेचा. गावोगावचे दुधाचे नमुने आणायला संघाला एक दणकट मोटारसायकल हवी होती, म्हणून आबासाहेब शेट्यांच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात आले होते. ट्रायल मागितली तर शेटे छातीवर हात ठेवून म्हणाले, “ट्रायल कसली, आबासाहेब? दारातली कुठलीबी उचला, डोळे झाकून!” नेमका तेव्हाच निवास आपली बंद पडलेली गाडी ढकलत दुकानासमोरून चालला होता.

“आले बघा गाडीपंडित!” आबासाहेब गरजले. “म्हयन्यात एकोणीस येळा उशीर, आन् दर येळी कारण गाडी! ह्याच दुकानातनं तीन जुन्या गाड्या घेतल्यास. काय शिकलास का न्हाई?”

“शिकलो की, साहेब! आता नुसतं बघून गाडी वळखतो!”

बोलून गेला आणि जीभ चावली. पण आबासाहेबांनी हट्ट धरला म्हणजे धरला. त्यांनी दुकानातली खुर्ची मागवली, झाडाखाली बसले आणि हुकूम सोडला.

निवास हात मागे बांधून रांगेपुढून चालू लागला. सगळ्या सव्वाशे-दीडशे सीसीच्या, बहुतेक पुसून लख्ख केलेल्या. पहिली लालभडक, टाकी आरशासारखी. आबासाहेबांच्या जीपचा ड्रायव्हर कानाशी कुजबुजला, “हीच घे!” निवासने मान हलवली. त्याची स्वतःची पहिली गाडी अशीच लाल होती. रंगाखाली टाकी झिरपायची. विजारीला पेट्रोलचा असा वास, की बायको वर्षभर त्याला चुलीजवळ फिरकू देत नव्हती.

दुसरीच्या काट्यावर अठरा हजार किलोमीटर. निवासच्या दुसऱ्या गाडीवरही अठरा हजारच होते. दोन वर्षं रोज चालवली, तरी अठरा हजारच राहिले.

तिसरीवर पाटी: ‘एकहाती, मास्तरांची’. हे वाचून तर त्याला स्वतःचीच कीव आली. त्याची तिसरी गाडीही एका मास्तरांची होती. पुढे ‘ही माझीच जुनी गाडी’ म्हणणारे नऊ जण भेटले, त्यांत मास्तर एकही नव्हता. आत्ता ढकलत आणली ती हीच. उताराला मोटारसायकल आणि चढाला हातगाडी!

जी गाडी बघून आपलं मन भुलतं ती घ्यायची नाही, एवढं त्याला पक्कं कळलं होतं. पण घ्यायची कोणती? तो रांगेच्या टोकापर्यंत गेला, परत आला आणि समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बाकड्यावर बसला.

बारा वाजले. साडेबारा वाजले. निवास हलेना.

“निवास, गाडी बघतोयस का च्या?” आबासाहेब ओरडले.

“च्या बघतोय, साहेब. गाडी दिसली की सांगतो!”

ड्रायव्हर खो खो हसला. निवासलाही हसू येत होतं. पण नोकरी गेली तर घरी काय तोंड दाखवायचं, हा विचार सुटत नव्हता.

एक वाजला. शेट्यांनी घड्याळ बघितलं, दुकानाचं शटर अर्धं ओढलं. “आबासाहेब, मी जरा घरनं जेवून येतो. टेकडीपल्याड तर जायाचं.” ते लाल गाडीपुढून गेले. मास्तरांच्या गाडीपुढून गेले. रांगेच्या अगदी टोकाला गेले. तिथे मडगार्डला चिखल लागलेली, फाटक्या सीटला चिकटपट्टी लावलेली एक काळी गाडी होती. तिच्यावर बसले. अर्धी किक मारली. गाडी चालू!

निवास बाकड्यावरून उडी मारून थेट हँडलपुढे उभा राहिला. “साहेब, हीच!”

शेटे गडबडले. “आरं, ही कशाला? हिची सीट फाटलीया! ही विकायची न्हाई!”

“दारातली कुठलीबी, म्हणाला होता न्हवं?” आबासाहेब उठले. “उतरा खाली!”

आबासाहेबांचं वजन म्हणजे दुधाचे तीन भरलेले कॅन. ते मागे बसले तशी गाडी एकदा कण्हली. निवासने वाटेत खंडोबाला दोन नारळ बोलले, अवघड वळणावर तिसरा बोलला. पण गाडीने ना उचकी दिली ना ठसका. टेकडी चढून उतरून ती परत दारात उभी राहिली.

“वळखलंस कसं रं?” आबासाहेबांनी पुन्हा खुर्चीत बसत विचारलं.

“साहेब, अकरा गाड्या गिऱ्हाईकासाठी पुसल्यात. पण ज्याला बाराच्या बारा ठावं हाईत, तो भूक लागल्यावर सोता कशावर बसतोय, तेवढंच बघत हुतो!”

आबासाहेब डोळे बारीक करून म्हणाले, “येवढी अक्कल हुती, तर तीनदा फसलास कसा?”

“तिन्ही येळा सकाळी आलो, साहेब! शेट्यांच्या जेवणापतुर थांबलोच न्हाई!”

आबासाहेब हसता हसता खुर्चीवरून घसरले. डोळे पुसत त्यांनी शेट्यांशी तिथेच व्यवहार उरकला आणि किल्ली निवासच्या हातात ठेवली. “शिपाईगिरी संपली तुझी. सोमवारपासनं नमुने आणायचं काम तुझं, पगार वाढीव, आन् गाडी तुझ्याच ताब्यात!”

निवासने गाडी चालू केली. तेवढ्यात शेटे खाकरत जवळ आले. “निवासराव, जरा टेकडीपल्याड घरापतुर सोडता का मला? लई भूक लागलीया.”

“आसं काय, शेटेअण्णा? अकरा गाड्या हुब्या हाईत की दारात!”

“चेष्टा करू नका, निवासराव,” शेटे हात जोडून म्हणाले, “मला पोचायचं हाय!”