प्रार्थना झाली की बोलायचे नाही

कोकणच्या किनाऱ्यावर यहुद्यांची एक जुनी वस्ती होती. तिथल्या वृद्ध आचार्यांकडे एक शिष्य धर्मपाठ घेत असे. शिष्य म्हणजे कोवळा पोर नव्हे. कानशिलावरचे केस पिकलेला, चांगला संसारी गृहस्थ. पण शहाणपण आणि पिकलेले केस यांचा संबंध असतोच असे नाही.

यहुद्यांत निजण्यापूर्वी एक प्रार्थना म्हणतात. दिवसभरात ज्याने दुखावले त्याला क्षमा करायची, आपला आत्मा रात्रीपुरता देवाच्या हाती सोपवायचा आणि डोळे मिटायचे. सकाळी जाग आली की तो ताजा करून परत दिल्याबद्दल देवाचे आभार मानायचे. ख्रिस्ती घरांतही रात्री देवाकडे असेच मागणे असते. यहुद्यांत मात्र त्याला जोडून आणखी एक नियम आहे. ही प्रार्थना झाली की झोप लागेपर्यंत बोलायचे नाही.

आमच्या शिष्योत्तमांना नेमका हा शेवटचा नियम फार आवडला. त्यांच्या पत्नीची आई शेजारच्या गावात एकटी राहत असे आणि तिला दिसेनासे झाले होते. तिला आपल्याकडे आणायचे का, एवढेच पत्नी विचारी. तिने विषय काढला रे काढला, की हे महाशय लगबगीने प्रार्थना उरकीत आणि भिंतीकडे तोंड करून गप्प होत. पुढे पुढे तर जेवणाचे हात वाळायच्या आत प्रार्थना होऊ लागली. भक्ती अशी वाढलेली पाहिली की माझे डोके फिरते.

शेवटी ती बाई आचार्यांकडे आली. "बाबा, मी काही फार मागत नाही. ह्यांनी हो म्हणावं, नाहीतर नाही म्हणावं. पण मी तोंड उघडलं की हे प्रार्थना म्हणतात. आता भिंतीशी भांडू का मी? काल आईनं भांडं समजून निखाऱ्याला हात लावला. शनिवारचा शब्बाथ संपला की मी तिच्याकडे राहायला जाणार. मग ह्यांनी खुशाल दुपारपासून प्रार्थना म्हणावी."

संध्याकाळी शिष्य पाठाला आला, तेव्हा समोरचा ग्रंथ मिटून आचार्य म्हणाले, "आजपासून रात्रीची प्रार्थना तू म्हणायची नाहीस."

शिष्याचा चेहरा उतरला. आचार्यांनीच प्रार्थना बंद करावी, हे त्याला कळेना. "आणि झोपेतच काही झालं तर, बाबा?"

"तर होईल. जा घरी."

त्या रात्री शिष्याची चांगलीच पंचाईत झाली. गुरूची आज्ञा मोडवेना आणि प्रार्थनेशिवाय आडवे होण्याचे धैर्य होईना. जेवणे झाली, भांडी घासून झाली आणि पत्नीने नेहमीचा प्रश्न विचारला. त्याने सवयीने ओठ हलवले आणि पुन्हा मिटले. गप्प बसायला आता धर्माचा आधार उरला नव्हता.

शेवटी तो म्हणाला, "माझी आई त्या आतल्या खोलीतच वारली. मला अजून तिथं पाऊल टाकवत नाही. तिथं पुन्हा कुणी म्हातारं माणूस निजलेलं मला बघवणार नाही."

पत्नी त्याच्याकडे बघतच राहिली. "एवढंच होतं? मग आई माझ्यापाशी बाहेरच्या खोलीत निजेल. हे आधी बोलला असतात, तर तिचा हात भाजला नसता."

शिष्याला रात्रभर झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आचार्यांना सगळे सांगितले. ऐकता ऐकता वृद्धाच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अरे, दिवसभराचं बोलून संपलेलं असतं, म्हणून त्या प्रार्थनेनंतर मौन आहे. बोलणं टाळायची सोय म्हणून नाही. दिवसाचा मळ लागलेला आत्मा देवाच्या हाती द्यावा, तो रात्रीत स्वच्छ करून देतो. पण तू द्यायचास कुठे? तू तर तो पांघरुणात लपवून निजायचास. मग सकाळी जसाच्या तसा परत मिळाला, तर देवाचा काय दोष? आणि रोज रात्री क्षमा कुणाला करत होतास? तिला? क्षमा तर तू मागायची होतीस."

शिष्याने मान खाली घातली. "मग आता प्रार्थना म्हणू ना?"

"मला काय विचारतोस? तिला विचार."

त्याच दिवशी तो स्वतः जाऊन सासूला घेऊन आला. रात्री पत्नी बाहेरच्या खोलीत आईच्या भाजलेल्या हाताला तूप लावीत बसली होती. त्याने दारातून विचारले, "म्हणू का प्रार्थना?"

"थांबा जरा," ती म्हणाली. "आईला तुमच्याशी बोलायचंय."

तो येऊन सासूच्या अंथरुणाशी बसला.

घरातल्या माणसाचे ऐकायचे राहिले असेल, तर देव थोडा थांबतो.